थारला मोठे टायर बसवून देतो म्हणून सव्वादोन लाखांना चुना, फोर बाय फोरवाल्यांनी नक्की वाचा

मंडळी, थार, जिम्नी, गुरखा कुठलीही गाडी असू द्या, मोठे टायर आणि लिफ्ट किटचा (गाडीची उंची वाढवायच्या सामानाचा) विचार चालू असेल तर गाडी गॅरेजला सोडायच्या आधी हे वाचा. पुण्याजवळ हायवेला लागून एक मॉडिफिकेशनचं गॅरेज आहे, त्यांनी मला सव्वादोन लाखांना चुना लावला. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण जास्त संताप याचा की त्या गाडीत बायको पोरांना बसवून मी ताम्हिणी उतरलो. नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पद्धत मात्र सगळी सांगतो.

गाडी थार एलएक्स डिझेल, कंपनीचे टायर २५५/६५ आर १८. मालक म्हणाला, "दादा, २८५/७० आर १७ टाकू, सोबत दोन इंचाची इम्पोर्टेड लिफ्ट किट, स्प्रिंग, शॉकअप सगळं नवं कोरं, जमिनीपासूनचा क्लिअरन्स तीन इंचाने वाढतो बघा, आणि आरटीओचं पण आपणच करून देतो, टेन्शनच नाही." बोलायला गोड माणूस, शेजारी तशाच चार गाड्या उभ्या, कुणाचाही विश्वास बसेल.

आता ते तीन इंचाचं आधी सांगतो, कारण हे सर्रास सांगितलं जातं. थारला मागे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेली, आणि त्या दांड्यावर गिअरचा जो गोळा असतो ते डिफरन्शियल. लिफ्ट टाकली की बॉडी वर जाते, पण डिफरन्शियल होतं तिथेच राहतं. ते वर येतं फक्त टायरमुळे, आणि तेही टायरची उंची जेवढी वाढली त्याच्या निम्मं. कंपनीचा टायर साधारण ७८९ मिलिमीटर उंच, हा २८५ वाला ८३१, फरक ४२, म्हणजे डिफरन्शियलच्या खाली मिळाले २१ मिलिमीटर. एक इंचसुद्धा नाही. दगडावर आपटतं ते डिफरन्शियलच, त्यामुळे दुसरा कुठलाही आकडा कोणी सांगितला तर तिथेच समजून जा.

गाडी हातात आली तेव्हा दिसायला एक नंबर दिसत होती. पण स्पीडब्रेकरवरून उतरली की मागून टक्क असा आवाज. फोन केला तर म्हणे नवीन किट आहे, सेट व्हायला वेळ लागतो, हजार किलोमीटर चालवा. पुढे ताम्हिणीतून खाली जाताना पूर्ण स्टिअरिंग वळवलं की पुढच्या डाव्या चाकातून कटकट सुरू झाली, आणि माणगावात थांबून बघितलं तर रिमच्या आतल्या बाजूला सगळीकडे ग्रीस उडालेलं.

तिथल्या एका वयस्कर फिटरने गाडी जॅकवर घेतली. काकांनी बॅटरी मारली, फडक्याने स्प्रिंग पुसली आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. "भाऊ, स्प्रिंग कंपनीचीच हाय तुमची." स्प्रिंगवरचे कंपनीचे रंगाचे टिपके जसेच्या तसे, आणि स्प्रिंगच्या डोक्यावर काळा रंग दिलेली अ‍ॅल्युमिनियमची चकती. शॉकअपवर लाल स्प्रे मारलेला. काकांनी नखाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालून कंपनीचा पार्ट नंबरचा स्टिकर वर आला. माझ्या डोळ्यासमोर. ज्या किटचे पंच्याहत्तर हजार मोजले ती किट म्हणजे चार स्पेसर, म्हणजे असल्या चकत्या, आणि एक स्प्रेचा डबा!

स्पेसर टाकणं म्हणजे फसवणूक असं मी म्हणत नाही, कमी बजेटमध्ये बरेच जण टाकतात, पण मग पैसे स्पेसरचे घ्या आणि तोटे तोंडावर सांगा. मागे नुसता स्पेसर टाकून शॉकअप जुनाच ठेवला तर शॉकअप आधीच ताणून बसतो, चाक खाली जायला जागाच उरत नाही, तो टक्क आवाज त्याचाच. पुढे थारला इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळं हलतं, तिथे उंची वाढली की चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटवर लोड येतो आणि त्यातलं ग्रीस धरून ठेवणारा रबरी बूट फाटतो. माझा फाटला होता. मागचा ब्रेकचा पाइप पण चाक लोंबकळलं की तारेसारखा ताणला जात होता. काकांनी तो दाखवला तेव्हा मी काही बोलूच शकलो नाही, पोरं तिथेच टपरीवर वडापाव खात होती.

मग टायर. बिलावर लिहिलंय ब्रँड न्यू. टायरच्या साइडवॉलवर डीओटी म्हणून कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३११७ असेल तर २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. हा पूर्ण कोड बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो, आणि या लोकांनी चारही टायर ती बाजू आत ठेवून बसवलेले. मोबाइल चाकाच्या मागे घालून फोटो काढले तर दोन टायर ३११७ चे, एकावर आकड्यांच्या जागी ग्राइंडर फिरवलेला, आणि वरून पॉलिश. खोबणीत बारीक बारीक चिरा पडलेल्या, त्या पॉलिशमुळे दिसत नव्हत्या. घाटात हा टायर फुटला असता तर काय, हा विचार अजून जात नाही डोक्यातून.

आरटीओच्या नावाखाली बारा हजार वेगळे घेतले आणि शिक्का मारलेला लॅमिनेट केलेला कागद दिला. मी स्वतः आरटीओत गेलो, तो आवक नंबरच तिथे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या माहितीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने पण जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच कायद्याच्या कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाला म्हणजे आपल्याला. त्यात इन्शुरन्सला कळवलेलं नसेल तर क्लेम अडकतो तो वेगळाच. त्यामुळे गॅरेजवाला पासिंग करून देतो म्हणाला की कुठल्या कलमाखाली आणि पावती कोणाच्या नावाची एवढंच विचारा, लगेच विषय बदलतो की नाही बघा.

आणि माझे जुने अलॉय आणि टायर, जेमतेम वापरलेले, एक्सचेंजमध्ये पस्तीस हजाराला धरले. परत मागायला गेलो तर विकले म्हणाला, म्हणजे गाडी मूळ रूपात आणायला सुद्धा परत खिशातून खर्च. तुम्ही काहीही करा पण कंपनीचे टायर आणि स्प्रिंग गॅरेजमध्ये सोडू नका, सोसायटीत जागा नसेल तर गावी ठेवा. किटचा बॉक्स आपल्यासमोर फोडायला लावा, पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या, टायर रिमवर चढवायच्या आधी चारही कोडचे फोटो काढा. बिल जीएसटीचं पाहिजे. मला एस्टिमेटच्या पॅडवर लिहून दिलं होतं आणि पक्कं बिल मागितलं तर अठरा टक्के जास्त लागतील म्हणून दम दिला, शेवटी मी भांडून घेतलं, आज तेवढाच एक कागद माझ्या बाजूने बोलतोय.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, गॅरेजने उत्तर दिलं नाही, म्हणून वकिलाची नोटीस देऊन आता जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे कोणाचं जुनं प्रकरण असेल तरी बघा. माणगावच्या काकांनी लेखी रिपोर्ट दिलाय, काढलेला स्पेसर आणि ग्राइंडर मारलेला टायर मी तसाच जपून ठेवलाय. हायवेवरच्या अशा गॅरेजमधून कोणी गेल्या दोन वर्षांत काम करून घेतलं असेल तर आज संध्याकाळी मोबाइल चाकाच्या आत घालून फोटो काढा, आणि कोड जुना निघाला तर मला कळवा, दोन-तीन तक्रारी एकत्र गेल्या तर केसला वजन येईल.