रोपं लावायची की खारफुटी साफ करायची?

ऑफिसची टीम एक शनिवार निसर्गासाठी देणार म्हटलं, की मुंबई-ठाण्यात दोन कामं सहज समोर येतात: डोंगरावर वृक्षारोपण किंवा खाडीकाठच्या खारफुटीतल्या कचऱ्याची सफाई.

वृक्षारोपण सोपं. जुलैत माती मऊ असते, खड्डे बहुधा आधीच खणलेले असतात. पण रोपाची खरी परीक्षा मार्च ते मे. पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार, वणव्यापासून राखण कोण करणार, हे ठरलेलं नसेल तर मी तरी हो म्हणणार नाही. रोपंही पळस, करंज, बहावा अशी इथलीच हवीत. गिरिपुष्पासारखं परदेशी झाड हातात दिलं तर स्पष्ट नकार द्यावा.

खारफुटीत वेळ ऑफिस ठरवत नाही, ओहोटी ठरवते. चिखल, गमबूट, हातमोजे, आणि तिवर या खारफुटीच्या झाडाच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या. ही मुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात, कारण त्यांतूनच झाडाच्या मुळांना हवा मिळते. प्लास्टिकनं ती झाकली की झाड गुदमरतं. मुळांवर पाय न देता एकेक पिशवी सोडवायची, म्हणून घाई चालत नाही. पुढच्या भरतीला कचरा पुन्हा येतो, हे खरं. तरी मोकळं झालेलं मूळ त्याच दिवशी श्वास घेऊ लागतं. ठाणे खाडी २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. तिथे जायचं तर आधी वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाशी बोला.

एकच शनिवार हातात असेल तर माझं मत खारफुटीला. उन्हाळाभर दर आठवड्याला चार जण पाणी घालायला जाणार असतील, तर मात्र रोपं लावा.