दोन काड्यांची पुटी, फोंड्याचा पाऊस आणि फाटक्या खोक्यातलं सी हॅरियर

गेल्या मे महिन्यात एका मित्राने घर आवरताना सी हॅरियर या नौदलाच्या लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं प्लास्टिकचं मॉडेल किट माझ्या हवाली केलं. खोका फाटका. पंखाच्या टोकाखाली असणाऱ्या दोन चाकांपैकी एक गायब, नाकावरची वेग मोजणारी पिटो नळी मोडलेली, आणि पंख धडाला लावून पाहिला तर मुळाशी मिलिमीटरभर फट. मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण बहात्तरने गुणून बघा: खऱ्या विमानात सात सेंटिमीटरची भेग होते, हाताची मूठ जाईल एवढी. तरी टाकून देणं जिवावर आलं. १९८३ ते २०१६ ही विमानं गोव्यातल्या दाबोळीहून उडायची. आम्ही ती शाळेच्या खिडकीतून ऐकली आहेत, दिसायची नंतर.

पहिली चूक जूनमध्ये केली. ट्यूबमधली तयार पुटी, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या लांबीची धाकटी बहीण, फटीत एका दमात जाड थापली. ही पुटी थिनर उडून वाळते. वरचा थर कडक झाला, आतला ओलाच राहिला. मी घाईने घासून प्रायमर मारला. चवथीच्या आसपास विमान उजेडात धरलं तर सांध्यावर पन्हळ पडलेली, पुटी आत बसलेली. दोष ट्यूबचा नाही. असली पुटी पातळ थरांत, थांबून थांबून भरायची असते, आणि थांबणं मला जमत नाही.

मग मिलिपुटची सुपरफाइन व्हाइट ही एपॉक्सी पुटी मागवली. आता आठ महिने वापरतोय. दोन काड्या येतात. दोन्हींचे सारखे तुकडे कापून पिठासारखे मळायचे, रंग एकजीव होईपर्यंत. ही वाळत नाही, दोन भागांच्या रासायनिक क्रियेने घट्ट होते. त्यामुळे काहीही उडून जात नाही आणि आक्रसण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. भिंतींना बुरशी धरणाऱ्या आमच्या पावसाळ्यातही तीन-चार तासांत कडक झाली. मी मात्र रात्रभर हात लावत नाही. खरी मजा पाण्याची आहे. फटीत बारीक वळी दाबायची, ओल्या बोटाने सारखी करायची, आजूबाजूला लागलेलं ओल्या कापसाने पुसून घ्यायचं. घासायचं काम निम्म्याहून कमी होतं आणि शेजारच्या पॅनलच्या रेषा, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या खुणा, वाचतात. दाताच्या डॉक्टरांकडून मागून आणलेलं जुनं हत्यार घेऊन बसलो की बायको विचारते, "अहो, विमान दुरुस्त करताय की दाढ?"

हरवलेल्या चाकासाठीही हीच कामी आली. शिल्लक चाकाला टाल्कम पावडर लावली, पुटीच्या गोळ्यात अर्ध्यापर्यंत दाबलं, घट्ट होऊ दिलं. त्यावर पुन्हा पावडर आणि दुसरा गोळा. दोन अर्धे साचे सुटले, त्यांना पावडर लावून ताजी पुटी भरली आणि दाबून धरले. पहिलं चाक इडलीसारखं निघालं, तिसरं चाललं. पायाचा दांडा मात्र पुटीचा करू नका, मोडतो. पितळी तार घाला. पिटो नळीला इन्सुलिनच्या इंजेक्शनची सुई, फार्मसीत सहज मिळते.

आता एपॉक्सी पुटीच्या उणिवा. कडेला ती कागदासारखी पातळ होत नाही, घासताना कपची उडते. शिवाय कडक झाल्यावर तिच्यातून नवी रेषा कोरायला गेलं की सुई प्लास्टिक सोडून भलतीकडे पळते. म्हणून ज्या सांध्यावरून रेषा जाते तिथे मी आता किटचे भाग ज्या चौकटीत येतात तिचेच उरलेले तुकडे लिक्विड सिमेंटमध्ये, म्हणजे मॉडेलच्या पातळ गोंदात, विरघळवून भरतो. बाटलीत टाकून दोन दिवस ठेवलं की मधासारखं होतं. हेही आक्रसतं, आठवडाभर थांबावं लागतं, पण शेवटी ते प्लास्टिकच असतं. कोरताना कळतसुद्धा नाही. केसाएवढ्या फटीला इन्स्टंट गम चालतो, पण तासाभरात घासा. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग गम तसाच राहतो आणि बाजूचं प्लास्टिक झिजतं. आमच्या दमट हवेत त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बसते. कॉकपिटची काच आधीच चिकटवली होती. ती गेली.

घासायला पॉलिश पेपर ४००, ८०० आणि १२००, नेहमी पाणी लावून. ती धूळ फुफ्फुसात नको. पुटी मळताना हातमोजे घाला, काहींना एपॉक्सीचं पुरळ उठतं.

काड्यांचं म्हणाल तर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून डब्यात ठेवा. मी एक उघडी विसरलो, तिच्यावर साल धरली. ती खरवडून टाकली, आतली ठीक होती.

नोव्हेंबरमध्ये बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन खऱ्या सी हॅरियरसमोर तासभर उभा राहिलो. पंखाच्या मुळाशी माझी पुटी आता बरी दिसते. हवा आत घेणाऱ्या तोंडाभोवती लहान दारांची रांग असते; इंजिन बंद असलं की वरची दारं स्वतःच्या वजनाने आत पडून उघडी राहतात. माझ्या किटमध्ये ती बंदच ओतलेली आहेत, आणि त्यांच्या कडांच्या खाचा मी फटी समजून निम्म्या बुजवून बसलो होतो. त्या आता सुईने परत कोरतोय.