मिनीडीव्ही टेपा संगणकावर उतरवणं: फायरवायर कार्ड काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्स्प्रेस फायरवायर कार्ड (फायरवायर म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडायची जुनी पद्धत), टेप नीट वाचणारा एक मिनीडीव्ही कॅमेरा आणि विनडीव्ही किंवा डीव्हीग्रॅबसारखं फुकट सॉफ्टवेअर, एवढ्यावर लग्नामुंजीच्या टेपा जशाच्या तशा संगणकावर येतात. कार्ड एकदा बसलं की त्याच्याकडे पुन्हा बघावं लागत नाही. सगळा वेळ जातो तो कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या हेडपायी, म्हणून जास्तीचे पैसे खर्च करायचे असतील तर ते कार्डावर न करता कॅमेऱ्यावर करा.

फायरवायरचाच आग्रह का, हे आधी समजून घ्यायला हवं. मिनीडीव्ही टेपवर चित्र मुळातच अंकी स्वरूपात असतं, चित्राचा वेग सेकंदाला २५ मेगाबिट. फायरवायर केबल ते आकडे उचलून फाइलमध्ये ठेवते, मधे कुठलंही रूपांतर होत नाही. ६० मिनिटांच्या टेपची फाइल साधारण १३ जीबीची होते आणि ती उतरायला ६० मिनिटंच लागतात, घाई करायची सोयच नाही. सेकंदाला जेमतेम साडेतीन-चार एमबी लिहायचे असतात, त्यामुळे जुनी हार्ड डिस्कही पुरते. ४० टेपा असतील तर ५२० जीबी मोकळी जागा आधी करून ठेवा.

कॅमेऱ्याला यूएसबीची खाचही असते आणि तिथेच बहुतेक जण फसतात. ती खाच मेमरी कार्डावरचे फोटो घेण्यासाठी आणि वेबकॅमसारख्या बारक्या चित्रासाठी दिलेली असते, बहुतेक मॉडेलांत टेपवरचं पूर्ण दर्जाचं चित्र तिच्यातून येत नाही. एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशा ज्या स्वस्त केबली ऑनलाइन मिळतात त्या निव्वळ फसवणूक आहेत. दोन्ही पद्धतींची भाषाच वेगळी, नुसत्या तारा जोडून काही होत नाही. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना लावून यूएसबी कॅप्चर स्टिकमधून घेतलं तर चित्र येतं खरं, पण अंकीचं अ‍ॅनालॉग आणि पुन्हा अंकी असा द्राविडी प्राणायाम होतो. रंग पसरतात, कडा मऊ होतात आणि प्रत्येक शॉटची तारीख-वेळ गळून जाते. फायरवायरने घेतलेल्या फाइलमध्ये ही तारीख चित्रावर छापलेली दिसत नाही, पण आत नोंदलेली असते आणि नंतर वाचता येते. पोरीचं बारसं नेमकं कुठल्या तारखेला झालं यावरून घरात वाद असेल तर तो तिथेच मिटतो, अर्थात त्या वेळी कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असलं तर!

कार्ड घेताना वरच्या ब्रँडपेक्षा चिप बघावी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची किंवा व्हीआयए व्हीटी ६३१५ असेल तर निर्धास्त घ्या. कॅमेऱ्याकडे ४ पिनांची बारीक खाच असते, कार्डाकडे ६ पिनांची, म्हणून केबल ६-ते-४ हवी. ९ पिनांचं फायरवायर ८०० वालं कार्ड असेल तर ९-ते-४. लांबी साडेचार मीटरच्या आत ठेवा. ४ पिनांच्या जोडणीतून वीज जातच नाही, त्यामुळे कार्डावर वीजपुरवठ्याची वेगळी खाच असली तरी या कामासाठी ती मोकळी राहिली तर बिघडत नाही. ६ पिनांचं टोक मात्र जोर लावला तर उलटंही घुसतं आणि मग खाच जळते. पिना बघूनच लावा, आणि लावताना कॅमेरा बंद ठेवा. सोनीच्या कॅमेऱ्यावर याच खाचेला आय-लिंक म्हणतात, काही कॅमेऱ्यांवर नुसतं डीव्ही लिहिलेलं असतं.

लॅपटॉपवाल्यांसाठी वाट अवघड आहे. फायरवायरची खाच असलेला जुना लॅपटॉप मिळाला तर तोच सर्वांत सोपा उपाय, विंडोज एक्सपी किंवा ७ असली तरी चालेल, फक्त इंटरनेटला जोडू नका. मॅकवर थंडरबोल्ट ३ ते २ आणि पुढे थंडरबोल्ट ते फायरवायर अशी अडॅप्टरांची साखळी लागते. शिवाय मॅकओएस २६ म्हणजे ताहोपासून फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे. ज्या मॅकवर हे काम करायचं आहे तो अपग्रेड करू नका.

विंडोज १० आणि ११ मध्ये अडचण ड्रायव्हरची. सोबत येणाऱ्या नव्या ड्रायव्हरवर कॅमेरा कधी दिसतो, कधी दिसत नाही, कधी कॅप्चर मधेच तुटतं. मायक्रोसॉफ्टचं १३९४ ओएचसीआय लेगसी (१३९४ हे फायरवायरचंच तांत्रिक नाव, लेगसी म्हणजे जुना) ड्रायव्हरचं पॅकेज आधी इन्स्टॉल करायचं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये १३९४ होस्ट कंट्रोलरवर जाऊन अपडेट ड्रायव्हर, संगणकावरच शोधा, यादीतून निवडा, असं करत नावापुढे लेगसी लिहिलेला पर्याय घ्यायचा. नुसतं पॅकेज टाकून थांबलात तर काहीच बदलत नाही, कारण ते ड्रायव्हर फक्त यादीत आणून ठेवतं. विंडोजचं मोठं अपडेट आलं की ही निवड टिकली आहे ना, एवढं बघून घ्यावं. त्यानंतर कॅमेरा व्हीसीआर किंवा प्ले मोडमध्ये सुरू केला की संगणकाला तो टेप रेकॉर्डर म्हणून दिसतो. शूटिंगच्या मोडमध्ये ठेवून टेप वाचायची वाट बघत बसू नका.

विनडीव्ही दिसायला अगदीच गरीब आहे, पण काम चोख. टाइप २ एव्हीआय निवडा, त्यात आवाजाचा वेगळा प्रवाह असतो आणि बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरना तोच मानवतो. फाइलची कमाल लांबी फ्रेममध्ये द्यायची असते. पालचे (भारतातल्या व्हिडिओ पद्धतीचे) सेकंदाला २५ म्हणजे तासाला ९०,००० फ्रेम. एलपीवर (टेप हळू चालवून जास्त वेळ भरण्याच्या मोडवर) भरलेल्या ९० मिनिटांच्या टेपसाठी १,३५,०००. आकडा याहून मोठा ठेवा, नाहीतर फाइल मधेच कापली जाते. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी, फॅट ३२ वर ४ जीबीच्या पुढे फाइल जात नाही. कॅप्चर चालू असताना गळालेल्या फ्रेमचा आकडा खाली दिसतो आणि तो शून्यच राहिला पाहिजे. वाढायला लागला तर संशय आधी अँटीव्हायरसवर, मग यूएसबीवर जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर. आतल्या डिस्कवर उतरवून नंतर कॉपी करणं केव्हाही बरं.

लिनक्सवर डीव्हीग्रॅब. माझं मत विचाराल तर विंडोजपेक्षा इथेच डोकेदुखी कमी, कारण ड्रायव्हरची भानगड नाही. ऑटोस्प्लिट आणि टाइमस्टॅम्प हे दोन पर्याय दिले की प्रत्येक शॉटची वेगळी फाइल होते आणि तिच्या नावात शूटिंगची तारीख-वेळ येते. साइजचा पर्याय शून्य करायला विसरू नका, नाहीतर दर १०२४ एमबीला तुकडा पडतो. कॅमेरा सापडत नाही असा संदेश आला तर बहुधा परवानगीचा प्रश्न असतो, सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवून बघा.

आता खरा विषय, कॅमेरा. मिनीडीव्हीची टेप ६.३५ मिलिमीटर रुंद आणि तिच्यावरचा एकेक ट्रॅक एसपीत (नेहमीच्या वेगात) १० मायक्रॉनचा, एलपीत ६.७ मायक्रॉनचा. ड्रमवर दोन हेड आळीपाळीने हे ट्रॅक वाचतात आणि पालच्या एका फ्रेमसाठी १२ ट्रॅक लागतात. दोन्हींपैकी एका हेडला घाण लागली की चित्रात आडवे पट्टे दिसतात: एक पट्टा ठीक, पुढचा गोठलेला. हे दिसलं की टेप खराब झाली असं समजून कॅसेट फेकू नका, दहातल्या नऊ वेळा हेड साफ करणं एवढंच काम असतं. कोरडी क्लीनिंग कॅसेट १० सेकंद चालवायची, थांबवायची, आपली टेप लावून बघायची. क्लीनिंग कॅसेट रिवाइंड करून पुन्हा वापरू नये. ती हेड घासते, त्यामुळे तीन-चार वेळा चालवूनही फरक नसेल तर थांबा आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड साफ करणारा तंत्रज्ञ गाठा. कानात घालायच्या कापसाच्या काडीने ड्रम पुसायला जाऊ नका, तंतू अडकून हेडचा टवका उडतो.

चित्रभर इकडेतिकडे चौकोन गोठत असतील तर कॅमेरा वाचता न आलेला तुकडा मागच्या फ्रेममधून उसना घेतोय असं समजावं. अशी झाकपाक केली की फाइलमध्ये त्याची खूण राहते. तीच टेप दोन-तीन वेळा उतरवली तर दर वेळी वेगळे चौकोन बिघडतात आणि डीव्हीरेस्क्यू हे मोफत साधन त्या फायलींतले चांगले तुकडे निवडून एक फाइल बनवतं. घरगुती कामातही हे जमण्यासारखं आहे. महत्त्वाच्या टेपसाठी नक्की करा, सगळ्यांसाठी करत बसलात तर वर्ष जाईल.

आपल्याकडचा दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. कोकणपट्टीत, मुंबईत कपाटात पडलेल्या टेपा आधी उजेडात धरून बघा. रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी टेप कॅमेऱ्यात घातली की बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपवर. ती बाजूला काढून ठेवावी आणि टेप साफ करणाऱ्याकडेच द्यावी. एसीतून दमट खोलीत कॅमेरा आणला तर ड्रमवर दव धरतं आणि पडद्यावर तशी सूचना येते. कॅसेट काढून, झाकण उघडं ठेवून तासभर थांबायचं. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. जमत असेल तर टेपांचं काम थंडीच्या दिवसांत उरकावं, ते बरं.

वर्षानुवर्षं पडून असलेली टेप थेट प्ले करू नका. एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि पुन्हा रिवाइंड केली की रिळावरचा ताण सारखा होतो. त्याआधी कॅसेटच्या कडेची सरकपट्टी सेव्हकडे ढकला, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी मुंज पुसली जाणार नाही. कॅसेट आत ढकलताना पुश लिहिलेल्या जागीच दाबा, आतला भाग आपोआप खाली बसू द्या आणि मगच बाहेरचं झाकण लावा. घाईत दोन्ही एकदम दाबल्याने यंत्रणा वाकलेले कॅमेरे बाजारात ढिगाने आहेत. बॅटरीवर काम करू नका, अडॅप्टर लावा.

टेपवर मधे न भरलेली जागा आली की फायरवायरवरचा सिग्नल थांबतो आणि सॉफ्टवेअरला वाटतं टेप संपली. घरच्या टेपांत हे हमखास होतं: कोणीतरी मधेच प्ले करून बघितलेलं असतं, मग थोडं पुढे जाऊन पुन्हा शूटिंग. म्हणून कॅप्चर थांबल्यावर टेप शेवटपर्यंत पळवून, मधेमधे थांबून बघाच.

एलपीवर भरलेली टेप ज्या कॅमेऱ्यात भरली त्यातच बहुधा नीट चालते, दुसऱ्यात ट्रॅक जुळत नाहीत. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने पीडी १७० सारख्या कॅमेऱ्यावर डीव्हीकॅममध्ये (सोनीच्या व्यावसायिक पद्धतीत) शूट केलेली टेप असेल तर ६० मिनिटांच्या कॅसेटवर ४० मिनिटंच असतात आणि प्रत्येक घरगुती कॅमेरा ती वाचत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या टेपा एनटीएससी (तिकडच्या व्हिडिओ पद्धतीच्या) असतात, त्यांना तिकडचाच कॅमेरा हवा. इथला पाल कॅमेरा त्या सहसा वाचत नाही. एचडीव्हीची, म्हणजे तशाच कॅसेटवरच्या हाय-डेफिनिशन चित्राची, गोष्ट निराळी. ती टेप एचडीव्ही कॅमेऱ्यातच वाचते, मेनूमधलं डीव्हीत रूपांतर करण्याचं सेटिंग बंद ठेवायचं आणि फाइल एमपेग-२ प्रवाह म्हणून उतरवायची.

सेकंडहँड कॅमेरा घेताना एक सोय आहे. २००२ ते २००४ च्या सुमाराला बनलेल्या अनेक कॅमेऱ्यांतल्या सीसीडी (चित्र टिपणाऱ्या चिप) पुढे उष्णता आणि दमटपणाने गेल्या. शूटिंगला काळा किंवा जांभळट पडदा दिसतो, म्हणून विकणारा तो मातीमोल भावात देतो. टेप वाचायला सीसीडी लागतच नाही. आपली टेप सोबत न्या, लावून बघा, दोन-तीन ठिकाणी फॉरवर्ड-रिवाइंड करा. त्यात पास झाला तर हाच कॅमेरा घ्या. ४ पिनांची खाच सैल नाही ना, हे केबल लावून तपासा, कारण ती सुटली की दुरुस्ती कटकटीची. हाय-८ किंवा व्हिडिओ-८ (मिनीडीव्हीच्या आधीच्या अ‍ॅनालॉग) टेपा असतील तर त्या वाचणारा डिजिटल-८ कॅमेरा शोधा, तो त्या फायरवायरवरून डीव्ही म्हणून देतो. सगळे डिजिटल-८ जुन्या टेपा वाचत नाहीत, म्हणून इथेही टेप घेऊनच जा.

आवाजाचा एक घोळ लक्षात ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांचं मूळ सेटिंग १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ असतं आणि कोणीतरी मधेच १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ केलेलं असतं. एकाच फाइलमध्ये दोन्ही आले की पुढे आवाज चिरका होतो किंवा ओठांशी जुळत नाही. शॉटनुसार वेगळ्या फायली केल्या की हा प्रश्न उरत नाही.

मूळ डीव्ही फायली तशाच ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर. घरच्यांना पाठवायची एच.२६४ प्रत हँडब्रेकमध्ये करा. डीइंटरलेससाठी (प्रत्येक फ्रेममधले एकाआड एक ओळींचे दोन भाग, म्हणजे फील्ड, वेगळे करण्यासाठी) बॉब निवडून ५० फ्रेम ठेवा. नुसतं २५ वर आणलं तर वरातीतला नाच अडखळत दिसतो. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, ते उलटं पकडलं गेलं तर हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते. ७२०×५७६ हे चौकोनी पिक्सेल नाहीत. ४:३ चं चित्र ७६८×५७६ आणि १६:९ चं १०२४×५७६ दिसायला हवं, नाहीतर सगळे वऱ्हाडी जाडे किंवा काटकुळे होतात. दर्जाचा आकडा १८ च्या आसपास ठेवला तर पुरे.

टेपा पाच-सातच असतील तर एवढा खटाटोप परवडत नाही, दुकानात द्या. मात्र देताना विचारा की फायरवायरने उतरवणार का आणि मूळ डीव्ही फाइल देणार का. पेन ड्राइव्हवर एमपी४ देऊ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. तासाला १३ जीबी या हिशेबाने डिस्क आपणच घेऊन जावी आणि फाइल परत घेताना तिचा आकार तिथेच तपासावा.