गॅप की केटी? पायी जाणाऱ्यांसाठी दोन जुन्या रेल्वेवाटा

आळंदी ते पंढरपूर पालखीची वाट साधारण अडीचशे किलोमीटरची. अमेरिकेत पिट्सबर्गहून मेरीलँडमधल्या कंबरलंडला जाणारी ग्रेट ॲलिगेनी पॅसेज, म्हणजे गॅप, 240 किलोमीटरची. अंतराने वारीच झाली म्हणा, पण इथे दिंडी नाही, पाण्याचे टँकर नाहीत आणि हातात केळं ठेवणाऱ्या मावशी नाहीत. मिसुरीतली केटी ट्रेल त्याहून लांब, 386 किलोमीटर. दोन्ही वाटा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर, रूळ काढून त्यावर चुनखडीचा बारीक चुरा दाबून केलेल्या. गॅप मी एका दमात केली, केटी तीन तुकड्यांत. इकडे राहणाऱ्या ओळखीतल्या कोणीतरी दरवर्षी ‘दोन्हीतली कुठली?’ असं विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

या वाटांबद्दलचं बरंचसं लिखाण सायकलवाल्यांनी सायकलवाल्यांसाठी केलेलं असतं, हे आधी लक्षात घ्या. दिवसाला सत्तर किलोमीटर मारणाऱ्याला दोन गावांमधलं चाळीस किलोमीटर अंतर म्हणजे नाश्ता ते जेवण. वीस-पंचवीस चालणाऱ्याला तिथे मध्येच रात्र गाठते. त्यामुळे ‘सुंदर कुठली’ हा प्रश्न मी मागे ठेवते. पायी जाणाऱ्याने आधी पाठ कुठे टेकायची ते बघावं.

या हिशोबात गॅप सरळ पुढे आहे. कंबरलंडपासून फ्रॉस्टबर्ग 26 किलोमीटर, तिथून मायर्सडेल जवळपास तेवढंच, पुढे रॉकवूड 19, मग कॉन्फ्लुअन्स 29, ओहायोपाइल 17, कॉनल्सव्हिल 27. दिवसाला एक गाव, जणू चालणाऱ्याच्या पावलांवरूनच आखलेलं. अडचणीचा टप्पा एकच, कॉनल्सव्हिल ते वेस्ट न्यूटन, चाळीस किलोमीटरचा. पण तिथे मध्ये राउंड बॉटम आणि सीडर क्रीक पार्कला तंबू टाकायची सोय आहे, तीही फुकट. तंबू नेणार नसाल तर मात्र त्या दिवसाची आखणी घरूनच करून निघा.

केटीवर असं चालत नाही. ती राज्य उद्यान आहे, सूर्योदय ते सूर्यास्त उघडी आणि वाटेवर तंबू ठोकायला परवानगी नाही. गावातलं छोटं गेस्ट हाउस किंवा खासगी कॅम्पग्राउंड गाठावं लागतं आणि नकाशावरचं प्रत्येक गाव हे गाव असेलच असं नाही. ट्रेलोरला मी ‘चहा मिळेल’ म्हणून पावलं उचलत पोचले तर समोर धान्याचं उंच कोठार, चार इमारती आणि एक झोपलेलं कुत्रं. जेफरसन सिटी ते हर्मन हा पट्टा 68 किलोमीटरचा. तिथेच एका गावात (नाव घेत नाही) खोली आरक्षित असूनही दाराला कुलूप होतं. फोनला रेंज नाही, पायरीवर बसून दोन तास वाट पाहिली. मालकीणबाई आल्या, माफी मागितली, खोलीही छान होती, पण तंबूची मुभा नसलेल्या वाटेवर असे दोन तास फार लांब वाटतात. तेव्हापासून केटीवर मी आदल्या संध्याकाळी फोन केल्याशिवाय निघत नाही.

आता वाट कशी आहे ते. रेल्वेला चढ झेपत नाही, म्हणून या वाटाही सौम्य. आपल्या भोर घाटात 37 फुटांमागे एक फूट असा चढ आहे. गॅपवरचा सगळ्यात कडक चढ कंबरलंडपासून ईस्टर्न कॉन्टिनेन्टल डिव्हाइडपर्यंतच्या (पाण्याच्या वाटा दोन दिशांना फुटतात त्या डोंगरकण्यापर्यंतच्या) 38 किलोमीटरचा आणि तोही सरासरी 70 फुटांमागे एक फूट इतकाच. सायकलवाले त्याची धास्ती घेतात, राजगड चढलेल्याला तो चढ आहे हे पोटऱ्यांवरून संध्याकाळी कळेल. तरीही मी पिट्सबर्गहून निघा असं सांगेन. त्याचं कारण चढ नाही, बिग सॅव्हेज बोगदा आहे. किलोमीटरभर लांब, आत दिवे, भिंतींवर ओल, भर उन्हाळ्यात अंगावर शहारा. पावलांखालचा चुरा करकरतो तो आवाज पुढे जाऊन परत येतो. आणि पिट्सबर्गकडून आलात तर बाहेर पडताच समोर एकदम मेरीलँडच्या निळ्या डोंगररांगा. दहा-बारा दिवस झाडांच्या बोगद्यातून चालून आल्यावर तो मोकळेपणा वेगळाच लागतो. उलट बाजूने आलात तर हेच सगळं तुमच्या पाठीला.

पाण्याच्या सोबतीचं म्हणाल तर गॅपला मनन्गहेला, यॉकगेनी (स्थानिक लोक नुसतं ‘यॉक’ म्हणतात) आणि कॅसलमन या नद्या. मायर्सडेलजवळचा सॅलिसबरी व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा जुना रेल्वेपूल, 582 मीटर लांब, खाली शेतं, हायवे आणि अजून धावणारी मालगाडी. ओहायोपाइलला एक दिवस जास्तीचा ठेवा. धबधबा तर आहेच, शिवाय वास्तुशिल्पकार फ्रँक लॉइड राइटचं फॉलिंगवॉटर हे घर जवळ आहे. 2019 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिकीट आधी काढा. पिट्सबर्गकडचे पहिले तीसेक किलोमीटर डांबर, कारखाने आणि गाड्यांचा आवाज, ते सहन करायचे.

केटीचा स्वभाव वेगळा. नाव आलं मिसुरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वेवरून, तिच्या आद्याक्षरांतली शेवटची दोन म्हणजे ‘के-टी’. ऑक्टोबर 1986 च्या पुराने मार्गाची वाताहत केली, रेल्वेने तो सोडला आणि 1990 मध्ये रोशपोर्टला वाटेचा पहिला तुकडा खुला झाला. 1993 च्या महापुराने पुन्हा मोठा भाग उखडला. मिसुरी नदीच्या उशाशी झोपल्याचा हा मोबदला. रोशपोर्ट ते हार्ट्सबर्ग या 40 किलोमीटरवरून मात्र मी गॅपचे कुठलेही चाळीस किलोमीटर ओवाळून टाकीन. डाव्या हाताला चुनखडीचे उभे कडे, उजव्या हाताला चहाच्या रंगाची मिसुरी, इतकी जवळ की वाहून जाणारा ओंडका आपल्याबरोबर चालतोय असं वाटावं. 1804 मध्ये पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेले लुइस आणि क्लार्क याच पाण्यातून उलट प्रवाहाने वर गेले. पण सेडेलियाच्या पश्चिमेला क्लिंटनपर्यंत उघडी शेतं आणि कुरणं, सावली तुटक. तीन दिवस मका आणि सोयाबीन बघायची तयारी हवी. विदर्भातल्या माझ्या मैत्रिणीला तोच भाग आवडला, घरचा वाटला म्हणे. चव ज्याची त्याची.

पायांचं दोन्हीकडे एकच. चुरा बारीक असतो, बुटात शिरतो आणि मोज्याला सँडपेपर करतो. गेटर (बुटाच्या तोंडावर बसणारं कापडी आवरण) घाला, दुपारी बूट काढून झटका. दगड-धोंड्यांची वाट पाऊल बदलायला लावते, ही सपाट वाट तसं करत नाही, हजारो पावलं टाचेच्या एकाच जागी पडतात. माझे फोड डोंगरात कधी आले नव्हते ते इथे आले. गवतात बसलात तर गोचीड तपासा, दोन्हीकडे आहेत.

खाण्याचं शाकाहारी माणसाला गॅपवर बरं, केटीवर जेमतेम. गॅपच्या आधी पिट्सबर्गला पेन हिल्समधल्या व्यंकटेश्वर मंदिराच्या कँटीनमधून चिंचेचा भात बांधून घ्या, दीड-दोन दिवस टिकतो. केटीवर हर्मन आणि ऑगस्टा ही जर्मन वळणाची, वाइनची गावं. पिणाऱ्यांची चैन, जेवण मात्र सॉसेजभोवती फिरतं. दशम्या, मेतकूट, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा हे घरून न्यायचंच.

जाण्या-येण्यात केटी जिंकते. ॲमट्रॅकची (इकडची प्रवासी रेल्वे) मिसुरी रिव्हर रनर ही गाडी सेंट लुइस आणि कॅन्सस सिटीच्या मध्ये सेडेलिया, जेफरसन सिटी, हर्मन, वॉशिंग्टन या गावांना थांबते, म्हणजे चार दिवसांचा तुकडा तोडून घेता येतो. (हर्मन नदीच्या पलीकडे आहे, पूल ओलांडून तीनेक किलोमीटर जास्तीचे धरा.) गॅपवर पिट्सबर्ग, कॉनल्सव्हिल आणि कंबरलंडला रेल्वे आहे, पण दिवसातून एकच आणि पिट्सबर्गला तिची वेळ अपरात्रीची.

ऋतू बघूनच तिकीट काढा. बिग सॅव्हेजची दारं हिवाळ्यात, साधारण डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, बंद असतात. आत बर्फ धरून अस्तराचं नुकसान होऊ नये म्हणून. दारं बंद असताना डोंगराला वळसा घालायच्या भानगडीत पडू नका. केटीला जुलै-ऑगस्ट टाळा, मुंबईचा ऑक्टोबर सावलीशिवाय कल्पून बघा. वसंतात नदीची पातळी तपासा. दोन्हींसाठी माझी पसंती ऑक्टोबर.

बारा दिवस सलग सुट्टी असेल, तंबू उचलायची तयारी असेल, तर गॅप, दुसरा विचार नको. लाँग वीकएंडच्या तुकड्यांत करणाऱ्यांनी केटी घ्यावी. आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी इकडे आलेले असतील तर त्यांना रोशपोर्टला न्या. गावातून निघालं की लगेच छोटा दगडी बोगदा, 1893 चा, 243 फुटांचा. माझी आई त्यातून दोनदा गेली, दुसऱ्यांदा मोठ्याने ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत, घुमतं का ते बघायला. पुढे कड्याखाली सावलीत बसायला जागा मिळते. तिथवर जायचं, डबा उघडायचा आणि परत फिरायचं.