एकच कथा की दोन लेखक? कथेवरील संशोधनपर निबंधासाठी विषय निवडताना

मुंबईतील महाविद्यालयांत मराठी विषय घेऊन एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे कथेवरील संशोधनपर निबंधाचा प्रश्न आला की निवड बहुधा दोन मार्गांत होते. एक म्हणजे एकच कथा घेऊन तिचे बारकाईने विश्लेषण करणे, आणि दुसरा म्हणजे दोन लेखकांच्या कथा एका प्रश्नाभोवती समोरासमोर ठेवणे. एका लेखकाचे समग्र कथालेखन हा तिसरा पर्याय अनेकांना मोहात पाडतो. परंतु वीस-पंचवीस पानांच्या निबंधात त्याचे रूपांतर कथासूत्रांच्या यादीत होते, त्यामुळे तो येथे बाजूला ठेवणेच बरे.

एका कथेसाठी दलित साहित्यातील महत्त्वाचे कथाकार बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या शीर्षककथेचे उदाहरण घेता येईल. हा संग्रह 1963 मध्ये प्रसिद्ध झाला. रेल्वेतील नोकरीसाठी परगावी गेलेला, भाड्याच्या खोलीसाठी जात लपवणारा नायक स्वतःच ही कथा सांगतो. या प्रथमपुरुषी निवेदनातून निबंधाला पुरेल असा प्रश्न मिळतो: जे इतरांपासून लपवायचे आहे तेच वाचकाला सांगणारा हा निवेदक वाचकाला नेमके कोणत्या जागी उभे करतो? शेवटी मार खाल्लेला नायक मारणाऱ्या माणसांच्या पलीकडे जाऊन मनूचे नाव घेतो. तो शेवट कथेत आधीपासून रुजलेला आहे की वर लादलेला, याचा निर्णय संवाद, घटनाक्रम आणि निवेदकाचा बदलत जाणारा स्वर तपासूनच देता येतो. या मार्गात संदर्भ कमी लागतात, मात्र वाचन अनेकदा करावे लागते, आणि ‘कथेतून समाजाचे चित्रण घडते’ यासारख्या विधानामागे लपता येत नाही.

तुलनेचा मार्ग वरवर सोपा वाटतो, कारण साम्ये आणि भेद लिहिता लिहिता पाने भरतात. नेमका धोकाही तेथेच आहे. समजा, बागुलांसमोर गंगाधर गाडगीळ यांची कथा ठेवली. दोघांच्याही लेखनात मुंबई आहे; परंतु गाडगिळांचा ओढा मुख्यतः मध्यमवर्गीय जीवनाकडे आणि माणसाच्या मनातील सूक्ष्म हालचालींकडे आहे, तर बागुलांची माणसे कामगार वस्त्यांतील आणि झोपडपट्ट्यांतील असून त्यांच्या यातनेचे मूळ समाजरचनेत आहे. गाडगीळ हे ‘नवकथे’चे, म्हणजे स्वातंत्र्याच्या सुमारास मराठीत रुजलेल्या नव्या वळणाच्या कथेचे, एक प्रमुख लेखक. या नवकथेच्या चर्चेत घटनेपेक्षा मनोव्यापाराला, तसेच संयमित, सूचक लेखनाला महत्त्व मिळाले. हेच निकष जसेच्या तसे बागुलांना लावले, तर त्यांची तापलेली, आवेगी भाषा दोष ठरू लागते आणि तुलनेचा निकाल तुलनेपूर्वीच लागतो. म्हणून या मार्गाने जाणाऱ्याला आपण कोणत्या निकषावर दोन्ही कथा वाचत आहोत आणि तो निकष कोठून आला, हे आधी मांडावे लागते. बागुलांनी साहित्यविषयक भूमिका मांडणारे लेखन केले आहे, आणि गाडगिळांनीही समीक्षा लिहिली आहे. लेखकाचे स्वतःचे म्हणणे संदर्भ म्हणून जरूर वापरावे, मात्र कथेचा अर्थ त्यावरून ठरवू नये. अशी तयारी ज्याच्याजवळ आहे, त्याच्या हातून तुलनेतूनच अधिक मोलाचा निबंध घडण्याची शक्यता आहे. पहिलाच निबंध लिहिणाऱ्याने मात्र, माझ्या मते, एका कथेपाशी थांबावे.

साहित्य कोठे मिळेल, यावरही निवड अवलंबून असते. 1898 मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मुंबई विद्यापीठाचे कलिना संकुलातील जवाहरलाल नेहरू ग्रंथालय ही शोधाची स्वाभाविक ठिकाणे आहेत. नवकथेवर लिहायचे असेल, तर 1982 मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे जुने अंक पाहिल्यावाचून चालणार नाही, कारण कथा प्रथम कोणत्या वातावरणात वाचली गेली हे तेथेच कळते. तुलनेसाठी असे शोधकार्य दुप्पट होते, हे वेळापत्रक ठरवताना लक्षात ठेवावे. ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावरील प्रबंध घरबसल्या मिळतात, तथापि त्यांचा दर्जा सारखा नसतो, आणि त्यांतील अवतरणे मूळ ग्रंथाशी ताडून पाहिल्याशिवाय उचलू नयेत. बागुलांच्या या संग्रहाचा इंग्रजी अनुवादही झालेला असल्याने इंग्रजी समीक्षा वाचायला मिळेल, मात्र निबंधातील अवतरण मूळ मराठीतूनच घ्यावे.

मार्गदर्शकांकडे विषय नेताना केवळ ‘बाबुराव बागूल यांची कथा: एक अभ्यास’ असे शीर्षक देऊ नये. कथेचे नाव, तपासायचा घटक आणि आपला प्रश्न असे तिन्ही दोन वाक्यांत लिहून न्यावे; तुलना करायची असल्यास त्यात निकषाचे तिसरे वाक्य जोडावे, आणि ते वाक्य लिहिताच येत नसेल, तर दुसरी कथा सोडून द्यावी.