अमृतकलश घडवताना: वळ्या की लाटलेल्या पट्ट्या?

समुद्रमंथनावरचा कलश चाकाशिवाय, नुसत्या हाताने घडवायचा तर दोन वाटा आहेत. कडबोळ्यासारख्या वळ्या एकावर एक रचायच्या, नाहीतर माती लाटण्याने लाटून पट्ट्या जोडायच्या. इथे मालवणात मी दोन्ही करते, पण माझा ओढा वळ्यांकडे.

मंदार पर्वताला गुंडाळलेला वासुकी म्हणजे मुळात एक लांब वळीच! करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या आतून अंगठ्याने पुसून एकजीव करते. बाहेरून वरचे तीन-चार वेढे तसेच दिसू देते. शेवटच्या वेढ्याच्या टोकाला फणा काढला की नाग वेगळा चिकटवावा लागत नाही. पोटाचा फुगवटाही हवा तसा मिळतो. वेळ मात्र खूप जातो. दोन-तीन वेढ्यांनंतर माती जरा आवळेपर्यंत थांबलं नाही, तर भांडं स्वतःच्याच वजनाने बसतं.

लाटलेली पट्टी झटपट उभी राहते. ओल्या मातीवर शिंपला दाबला की समुद्राच्या लाटा आयत्या उमटतात, आणि देव-दानवांच्या रांगा कोरायला हीच सपाट बाजू बरी. पण सांधा नाजूक. दोन्ही कडांवर ओरखडे काढून मातीचा घोळ लावायलाच हवा. मागच्या आषाढात माझा एक कलश सांध्यावरच उभा चिरला: कड सुकली होती, बूड ओलंच. आता प्लास्टिकखाली सावकाश सुकवते.

बुडाला कूर्म हवा असेल, तर दोन्ही पद्धतींत तो पोकळ करा आणि खालून भोक ठेवा. जाड भरीव गोळ्यातल्या ओलाव्याची भट्टीत वाफ होते आणि कासव फुटतं.