सीएफएल २०२५ : कोकणातल्या पावसाळी पहाटेला जुळणारा हंगाम

कॅनडातल्या व्यावसायिक फुटबॉलचा (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तर अमेरिकन फुटबॉलसारखा चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ), म्हणजे सीएफएल किंवा कॅनेडियन फुटबॉल लीगचा हंगाम मृगाच्या तोंडावर सुरू होतो आणि भातं झोडून झाली की नोव्हेंबरच्या मध्यात संपतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बसून परदेशी खेळ बघणाऱ्याला याहून सोयीचं वेळापत्रक सापडणं कठीण आहे. टोरंटोत संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे ५ ला लागतो. व्हँकुव्हरचा ७ चा सामना सकाळी साडेसातला. रिजायनात वर्षभर घड्याळ बदलत नाही, बाकी शहरांत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते एक तास मागे जातं. हे विसरलं की बाद फेरीत गफलत होते. ग्रे कप, म्हणजे अंतिम सामना, सोमवारी पहाटे साडेचारला होता.

सामने लीगच्या सीएफएल प्लस या सेवेवर भारतातून मोफत दिसले. खर्च येतो तो डेटाचा. सामना पावणेतीन-तीन तास चालतो आणि ४८० पी वर साधारण २ जीबी खातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर बघायला बसलात तर सकाळी आठलाच दिवसाचा कोटा संपलेला असतो. त्यात मैदान रुंद असल्याने कॅमेरा लांबून धरतात, आणि लहान पडद्यावर कमी दर्जात जर्सीचे नंबर वाचता येत नाहीत. घरी फायबर असेल तर राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस जोडा. वीज गेली तरी सामना फोनवर पुरा होतो. मात्र जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढलेलाच बरा, मग कितीही रंगलेला सामना असो.

खेळ समजायला कबड्डी पुरते. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो, तसं इथे १० यार्ड पुढे जायला तीनच डाऊन, म्हणजे प्रयत्न, मिळतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार. तिसऱ्यावर अंतर जास्त उरलं असेल तर संघ सरळ पंट मारून, म्हणजे लाथेने चेंडू लांब उडवून, तो सोडून देतो, म्हणजे खरे प्रयत्न दोनच. एखादाच यार्ड उरला असेल तर गोष्ट वेगळी. बचावफळीला चेंडूपासून एक यार्ड मागे उभं राहावं लागतं, त्यामुळे क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, नुसता पुढे घुसला तरी बहुधा काम होतं. मैदान ११० यार्ड लांब, ६५ रुंद, आणि प्रत्येक बाजूला १२ खेळाडू. नजर ठेवावी ती रिसीव्हरांवर, म्हणजे पास झेलणाऱ्यांवर. चेंडू निघण्याआधीच ते पाच-सहा पावलं मागून धावत येतात आणि स्नॅपच्या क्षणी, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होतो तेव्हा, भर वेगात चेंडूच्या रेषेवर पोचतात. समोरचा बचावपटू तेव्हा उलट्या पावलांनी मागे सरकत असतो. अर्धं पाऊल चुकलं की रिसीव्हर त्याच्या पाठीमागे.

शेवटच्या तीन मिनिटांत प्रत्येक डावानंतर घड्याळ थांबतं. आघाडीवरच्या संघाला वेळ काढत बसता येत नाही, म्हणून उशिरा उलटणारे सामने या लीगमध्ये इतके दिसतात. २०२५ च्या दोन्ही विभागीय अंतिम लढती तशाच झाल्या. पूर्वेत माँट्रियलने हॅमिल्टनला १९-१६ असं हरवलं ते होसे माल्टोस डियाझच्या अगदी शेवटच्या किकवर. पश्चिमेत सस्कॅचेवान, म्हणजे रिजायनाचा संघ, व्हँकुव्हरच्या बीसी लायन्सविरुद्ध मागे होता. ११ सेकंद उरले असताना त्यांच्या ट्रेव्हर हॅरिसने टॉमी नील्डकडे टचडाऊनचा (सहा गुणांचा) पास टाकला आणि २४-२१ ने सामना फिरला. हंगामातला सर्वोत्तम सामना हाच. ग्रे कप सस्कॅचेवानने माँट्रियलला २५-१७ असं हरवून जिंकला, २०१३ नंतर पहिल्यांदा.

साखळी फेरी मात्र एकतर्फी वाटली, विशेषतः पूर्व विभागात. गतविजेता टोरंटो १८ पैकी ५ सामने जिंकला, ओटावा ४. नऊच संघ असल्यामुळे दोन कच्चे निघाले की आठवडाच फिका पडतो. पश्चिमेत चौथा आलेला विनिपेग १० विजयांवर पूर्वेच्या बाद फेरीत शिरला, तो क्रॉसओव्हरच्या नियमामुळे: एका विभागातला चौथा संघ दुसऱ्यातल्या तिसऱ्यापेक्षा सरस असेल तर त्याची जागा घेतो. नियम योग्यच आहे, नाहीतर ५ विजयांचा संघ पुढे गेला असता. सलग पाच ग्रे कप खेळलेल्या विनिपेगला अंतिम सामना स्वतःच्या शहरात असताना तो गाठता आला नाही, याची हळहळ वाटते. लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) पारंपरिक लढती २०२५ मध्ये गौरीपूजनाच्या दिवसांत आल्या, तेव्हा चाकरमान्यांनी भरलेल्या घरात टीव्ही मिळणं अवघडच.

जुने नियम पाहायचे तर २०२५ चेच सामने शोधावेत. २०२६ पासून किक एंड झोनमधून (मैदानाच्या टोकाचा, गुण मिळवण्याचा पट्टा) थेट बाहेर गेल्यावर मिळणारा एक गुण बंद होतोय, आणि पुढचा डाव सुरू करायला पंचांच्या इशाऱ्यानंतरच्या २० सेकंदांऐवजी आधीचा डाव संपताच ३५ सेकंदांचं घड्याळ सुरू होईल. हे दोन्ही बदल पटतात. २०२७ ला मैदान १०० यार्डांवर आणून गोलपोस्ट एंड झोनच्या मागच्या रेषेवर नेणार आहेत, ते मात्र खटकतं. किकचं अंतर वाढेल, आणि एंड झोनही २० वरून १५ यार्डांचा होईल. रुंदी ६५ आणि डाऊन तीनच राहणार, एवढं बरं. नवख्याने आधी पश्चिमेची ती अंतिम लढत बघावी, शेवटच्या तीन मिनिटांपासून.